कुहीसाठी प्रार्थना

आमच्या बालवाडीत दिवाळीची सुट्टी संपल्यापासून रोज सकाळी कुही नावाच्या गावासाठी प्रार्थना होऊन राहिली होती. हसू नका. नंदनवनातल्या चर्चच्या मागचा हॉल, खाली सतरंजी, सतरंजीवर गोल करून बसलेले नर्सरीचे पोट्टे, हात जोडलेले, एक डोळा मिटलेला अन् एक उघडा. मधात मी, प्रेमिला टीचर, मोठ्यानं म्हणून राहिली, "हे प्रभू, कुहीले सांभाळ." अन् सगळे एका आवाजात, "आमेन." कुहीवाल्यायले कळलं असतं तं त्यायनं बोलावून माझा सत्कार केला असता.

त्याचं असं आहे, आमच्या इथं सकाळी पहिले गोल होते. ठोकळे, मणी, वाळूत बोटं फिरवणं, ते सगळं मागून. गोलात मी विचारते, आज कोणासाठी मागायचं? पोट्टे हिंदू आहेत, बौद्ध आहेत, दोन-चार आमच्या चर्चचे आहेत, पण मागताना सगळे सारखेच भिकारी. गोपिका पप्पाच्या खोकल्यासाठी मागते. सौरव रोज न चुकता स्वतःच्या सायकलसाठी मागते. आमचे वसंत पास्टर म्हणतात, सायकल जरा जास्त होते, प्रेमिलाबाई. मी म्हणते, प्रभूले सवय आहे.

मयुरा मात्र रोज एकच मागायची, कुहीसाठी. तिच्या आईचं, दीपमालाचं, माहेर कुहीचं, अन् तिची बापाकडची आजी कुसुमताई मले गेटवर सांगून गेली होती का दीपमाला माहेरी गेली आहे, जरा दिवस लागतील. मले वाटलं, पोरीले मामाच्या घराची आठवण येऊन राहिली असंल. एवढंच. मी डोळे मिटून आख्ख्या गावाले आशीर्वाद देऊन मोकळी व्हायची.

इथं मले माझ्या गेटचं सांगू द्या, कारण सगळं तिथूनच आहे. गेटवर माझा एक नियम आहे अन् त्यासाठी मी लोकायशी भांडली आहे. पोराले सोडून जाताना नजर चुकवून पळायचं नाही. त्याच्या तोंडासमोर सांगायचं, मी जातो, खिचडी खाऊन झाली का घ्यायले येतो. ते रडंल. रडू द्या, रडणं म्हणजे काही ताप नाही. मायबाप मले विचारतात, टीचर, ए बी सी डी कधीपासून घेता? मी म्हणते, गेलेलं माणूस वापस येते, हे पहिले शिकू द्या. तेवढं पक्कं बसलं का बाकीचं आपोआप येते. कुसुमताई या नियमातली माझी सगळ्यात नाठाळ विद्यार्थिनी. "तिकडं पाय वं मयु, खारूताई," म्हणायची अन् पोरीनं मान वळवली का ही गल्लीच्या टोकाले. दोन वेळा मी तिले हात धरून वापस आणली आहे.

एका शुक्रवारी अंकितनं गोलात जाहीर केलं, "मी उद्या कुहीले चाललो. आबाचं धान कापाचं आहे."

त्याच्या आबाचं तिकडे शेत आहे. मी म्हटलं, मजा आहे बुवा तुझी. तेवढ्यात मयुरा उठली, त्याच्या मागे जाऊन बसली अन् दोन्ही हातानं त्याचा स्वेटर धरला.

"सोड त्याले, मयु."

"नको जाऊ," ती त्याले म्हणाली. "कुहीवरून कोणी वापस नाही येत."

"आम्ही तं येतो."

"नाही येत."

सुटता सुटेना. खिचडी तिनं एका हातानं खाल्ली, दुसऱ्या हातात स्वेटर. छुट्टी झाली, अंकितची आई आली, तरी हिची मूठ तशीच. शेवटी अंकितनंच स्वेटरातून अंग काढलं अन् पळाला. रिकामा स्वेटर घेऊन पोरगी गेटजवळ उभी राहिली. मले तेव्हा हसू आलं. अंकितची आईही हसली.

सोमवारी अंकित आला, हातात धानाची लोंबी. सगळे पोट्टे लोंबीवर तुटून पडले. मयुरानं लोंबीकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे गेली, त्याच्या गालाले बोट लावून पाहिलं.

"तू आला?"

"आलो."

"माझी आई दिसली?"

अंकित पोट्टा खोटं बोलणारा नाही. त्यानं विचार केला. "नाही. तिथी आबा आहे, आजी आहे, बैल आहे, म्हैस आहे. तुझी आई नाही."

"नीट पाहिलं?"

"सगळीकडं पाहिलं."

त्याच्यासाठी कुही म्हणजे आबाचं अंगण अन् मागचा गोठा. हे तुम्हाले-मले कळते. मयुराले कसं कळणार? तिनं मान हलवली अन् आपल्या जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी गोलात मी विचारलं, "मयु, आज कोणासाठी?"

"कोणासाठी नाही."

त्या दिवशी तिनं खिचडीले हात लावला नाही. त्याच्यानंतरच्याही दिवशी नाही. मणी नाही, वाळू नाही, बाहुली नाही. माझ्या ओढणीचं टोक तेवढं धरून ठेवलं. मी फळ्याकडे गेली का ती फळ्याकडे, मी नळावर गेली का ती नळावर. बोलणं बंद. मी इतके वर्षं पोरं पाहून राहिली, हट्ट कोणता अन् भेव कोणतं हे मले समजते.

छुट्टीत मी कुसुमताईले गेटच्या आत घेतलं अन् कडी लावली.

"काकू, दीपमाला कुठी आहे?"

"कुहीले. सांगतलं ना."

"काकू."

ती इकडंतिकडं पाहत राहिली. मग पदर तोंडाले लावला अन् सगळं बाहेर आलं. दीपमाला इथंच शहरात, धंतोलीच्या दवाखान्यात होती, दिवाळीपासून. डोक्यात गाठ निघाली होती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टरनं साफ सांगतलं होतं का गाठ वाईट जागी आहे, टेबलावरून उतरली तं उतरली.

"अन् पोरीले कुही सांगतलं?"

"मग काय सांगू, टीचरबाई? लेकराले काय समजते? माय डोकं भादरून पडली आहे, हाताले सलाईन आहे, ते दाखवू तिले? होऊन जाऊ दे एकदाचं ऑपरेशन. चांगलं झालं तं आई घरी येईलच."

"अन् नाही झालं तं?"

तिनं कडीकडं हात नेला.

"नाही झालं तं कुहीलेच ठेवणार आहे का तिले?" माझा आवाज चढला. चढते माझा, काय करू. "जन्मभर ते पोरगं कुहीची बस पाहत बसंल, काकू. एकदा भेटू द्या. सांगा तिले."

कुसुमताई माझ्यापेक्षा कमी नाही. डोळे पुसले अन् म्हणाली, "तुमचं पोट्टे सांभाळायचं काम आहे, ते करा. माझ्या घरात काय बोलायचं ते मी पाहीन. जास्त कराल तं पोरीले दुसऱ्या शाळेत टाकीन." कडी तिनंच काढली.

अन् खरंच, दुसऱ्या दिवशी मयुरा आली नाही. त्याच्यानंतरही नाही. मी गोल घेऊन राहिली होती अन् तिची जागा पोट्ट्यायनं रिकामी सोडली होती, कोणी सरकलं नाही. मी घरी फोन केला, कोणी उचलला नाही. ऑपरेशनचा दिवस जवळ येऊन राहिला होता, अन् एकदा का दीपमाला आत गेली अन् बाहेर नाही आली, तं मग कोणी कितीही खरं सांगो, काय कामाचं होतं?

मी पास्टरांकडे गेली. वसंत पास्टर सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकलं अन् म्हणाले, "प्रेमिलाबाई, हे त्यांच्या घरचं आहे. आपण चर्चवाले. लोकं म्हणतील, बाईच्या आजारपणात हे धर्म घुसवून राहिले."

"मी धर्म नाही सांगत, पास्टर, पत्ता सांगते. बाई धंतोलीत अन् आपण रोज प्रभूले कुहीले पाठवून राहिलो."

त्यांना हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. "तुम्ही जा. पण मायबापानं हो म्हटल्याशिवाय पोरीजवळ एक शब्द नाही. वचन द्या." मी वचन दिलं. ते बरोबरच होतं.

काल दुपारी मी जितेंद्रच्या दुकानात गेली. मयुराचा बाप, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, आमच्याच मागच्या रस्त्यावर. खिळे तोलून राहिला होता. मले पाहून हसला. गिऱ्हाईक गेलं तरी हसतच होता, ते हसू उतरवायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"जितेंद्रभाऊ, उद्याचा एक दिवस आहे तुमच्याजवळ. परवा ऑपरेशन आहे ना? मयुले आईजवळ न्या."

"मॅडम, मी दिवसभर गिऱ्हाईकासमोर हसतो. संध्याकाळी दीपमालासमोर हसतो, घरी गेलो का मयुसमोर हसतो. एका जागी जरी रडलो तं मी सगळीकडं रडीन."

"रडा मग."

"अन् दीपमालाचं काय? तिले आम्ही सांगतलं आहे का मयु मजेत आहे, खेळते, तुझी आठवणही काढत नाही. तिचं मन इलाजात लागलं पाहिजे ना."

मी तिथंच एका पेंटच्या डब्यावर बसली. म्हणजे इकडं पोरीले सांगतलं, आई गावाले गेली. तिकडं आईले सांगतलं, पोरगी विसरली. मायलेकी एकाच शहरात अन् दोघीच्या मधात हे सगळे प्रेमळ लोकं खोट्याची भिंत बांधून बसले. मले त्याचा राग आला अन् कीवही आली, दोन्ही एकाच वेळी.

"शटर पाडा, भाऊ," मी म्हटलं. "चला."

"कुठं?"

"धंतोलीले. मी पोरीले काही सांगणार नाही. पण तिच्या आईले विचारणार आहे. तिनं नाही म्हटलं तं मी तोंड बंद करते अन् घरी जाते, पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. पण तिले कोणी विचारलंच नाही अजून."

त्यानं शटर पाडलं.

दीपमाला खाटेवर उशीले टेकून बसली होती. डोक्याले रुमाल. चेहरा एवढुसा झाला होता, पण मले लगेच ओळखलं. अन् हसून, चांगली बातमी विचारावी तसं विचारलं, "टीचर, मयु विसरली ना मले? हे सांगतात का मजेत आहे म्हणून."

जितेंद्र सलाईनच्या बाटलीकडं पाहून राहिला होता.

"तिले सांगतलं होतं का तुम्ही कुहीले गेल्या," मी म्हटलं. "सुट्टी संपल्यापासून तुमच्या पोरीनं आख्ख्या नर्सरीकडून रोज कुहीसाठी प्रार्थना करून घेतली. एक पोरगा कुहीले जाऊन आला, त्याले तिनं विचारलं, माझी आई दिसली का. तो नाही म्हणाला. तेव्हापासून ती जेवत नाही अन् बोलत नाही. विसरली-बिसरली काही नाही."

दीपमालानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. खांदे हलून राहिले होते. जितेंद्र पुढे झाला तं तिनं त्याले हातानंच थांबवलं. मग नाक पुसलं अन् आवाज अगदी सरळ करून म्हणाली, "आणा तिले. उद्या सकाळी आणा."

"असं डोकं पाहून भिईल ती," जितेंद्र म्हणाला.

"भिऊ दे. भिली तं माझ्याजवळ भिईल."

तो तिथंच खाटेच्या कडेवर बसला अन् रडला. दीपमालानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर निघून आली.

कुसुमताईले घरी कोणी काय सांगतलं मले माहीत नाही. आज सकाळी मेघा टीचरले माझा वर्ग सांभाळायले देऊन मी दवाखान्याच्या गेटवर उभी राहिली. बाप, आजी अन् मयुरा, तिघंही आले. मयुराच्या अंगात शाळेचा युनिफॉर्म, पाठीवर बॅग, वेण्या घट्ट. म्हणजे घरून निघतानाही शाळेत चाललो असंच सांगतलं होतं. मी कपाळाले हात लावला. पोरीनं दवाखान्याच्या पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, अन् मग तीन पावलं मागे सरकली.

जितेंद्रनं तोंड उघडलं. त्याच्या तोंडातून आवाजच निघेना.

"सर गा बाजूले," कुसुमताई त्याले म्हणाली. "खोटं मी बोलली. खरंही मीच सांगीन."

ती पायरीवर बसली. गुडघे दुखतात तिचे, वेळ लागला. मयुराले समोर उभी केली. मले वाटलं आता पदर तोंडाले लागंल, पण नाही. पोरीच्या डोळ्यात पाहून म्हणाली, "मयु, आई कुहीले नाही. कधीच नव्हती. ती इथी आहे, वरच्या माळ्यावर. तिच्या डोक्यात गाठ झाली आहे, डॉक्टर ते उद्या काढणार आहे. आजीनं तुले खोटं सांगतलं."

मयुरानं पुष्कळ दिवसात पहिला शब्द काढला. "काहून?"

"मले भेव लागलं होतं, माय."

मयुरा आजीजवळ सरकली. मग तिचा हात धरला अन् तिले उठवायले लागली. तिच्याच्यानं काय उठणार, पण जोर पुरा लावला. मी जुन्या भांडणाची गोष्ट विसरून कुसुमताईले दुसऱ्या बाजूनं हात दिला, अन् तिनंही घेतला.

वर गेलो तं दारातच मयुरा थांबली. दीपमालानं रुमाल बांधला होता. पोरीले पाहिलं अन् तिनं स्वतःच्या हातानं गाठ सोडली, रुमाल बाजूले ठेवला. लपवायचं काहीच ठेवलं नाही. मले तिथं कळलं का या घरात हिम्मत कोणाची सगळ्यात जास्त आहे.

"ये," ती म्हणाली.

मयुरा लगेच गेली नाही. ते डोकं नीट पाहिलं, ह्या बाजूनं, त्या बाजूनं. "केस कुठी आहे?"

"कापले. पुन्हा येतील."

"अन् तू? तू येशीन?"

जितेंद्र खिडकीकडं वळला. कुसुमताईच्या ओठावर "येईल ना, येईलच" आलं होतं, मी पाहिलं, पण तिनं ते गिळलं. मीही गिळलं. माझ्या गेटवर सगळ्यायकडून मी वदवून घेते, कधी येणार ते सांगा, अन् आज माझ्याचजवळ त्याचं उत्तर नव्हतं.

"मले माहीत नाही, बेटा," दीपमाला म्हणाली. "डॉक्टर लोकं पुरा जोर लावणार आहे. मीही लावणार आहे. पण येईन का नाही, ते मले खरंच माहीत नाही."

मयुरा ऐकून राहिली. रडली नाही. बॅग पाठीवरून काढली अन् खाली ठेवली. मग खाली बसून बुटाचे पट्टे सोडले, एक बूट, दुसरा बूट, मोजे. खाटेवर चढली, आईच्या कुशीत शिरली अन् एक हात त्या डोक्यावर ठेवला. तिथून माझ्याकडं पाहिलं.

"टीचर, आज मी शाळेत नाही येत," ती म्हणाली. विचारत नव्हती, सांगत होती.

पोट्टं एक दिवस आलं नाही तं मी त्याच्या घरी फोन करणारी बाई. आईच्या कमरेले चिकटलेले पोट्टे बोटं सोडवून सोडवून मी आत नेले आहे, आजवर एकाले घरी राहा म्हटलं नाही.

"नको येऊ," मी म्हटलं. "अजिबात नको येऊ, माय."